यंत्राचे उत्तर आणि मुलांचा प्रश्न

विदर्भातल्या गावांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द आता कोणत्याही चर्चशी बांधलेला राहिलेला नाही. बालवाडी इंग्रजी माध्यमाची असली आणि मुलांच्या गळ्यात टाय असला की ती कॉन्व्हेंट होते. मग तिचे चालक कोणत्याही धर्माचे असोत. वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र. त्याला बंजाऱ्यांची काशी म्हणतात. या भागातल्या तांड्यांवरचे पालकही मुलाला ‘कॉन्व्हेंटला टाकले’ असेच सांगतात. जिथे कॅथलिक मिशनची शाळा जवळपास नाही, तिथेही चांगल्या शाळेचे माप तिच्यावरून घेतले जाते, असा याचा अर्थ. पूर्वी हे माप टायचे आणि इंग्रजीचे होते. आता त्यात भिंतीवरच्या स्मार्ट बोर्डची आणि मोबाइलवरच्या अभ्यासाची भर पडली आहे.

म्हणूनच कॅथलिक शाळांनी शिकवण्यासाठी आणि शिकण्यासाठी तंत्रज्ञान कसे वापरावे, हा प्रश्न केवळ त्या शाळांचा राहत नाही. त्यांनी आज जे केले त्याची नक्कल उद्या आपल्या तालुक्यात होते; आणि नक्कल नेहमी दिसणाऱ्या गोष्टीची होते, विचाराची होत नाही. तेव्हा त्यामागचा विचार काय आहे, हे तपासून पाहणे आपल्याही कामाचे आहे. त्यासाठी एक ताजे साधन उपलब्ध आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी, तत्कालीन पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने, व्हॅटिकनच्या दोन खात्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी बुद्धिमत्ता यांच्या संबंधावर एक टिपण प्रसिद्ध केले. ‘आंतिक्वा एत नोवा’, म्हणजे ‘जुने आणि नवे’, हे त्याचे लॅटिन नाव. एकूण परिच्छेद ११७. त्यांपैकी शिक्षणावरचे परिच्छेद थोडेच आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचेच परीक्षण करावयाचे आहे.

टिपण काय म्हणते?

मांडणी थोडक्यात अशी. शिक्षण म्हणजे माहिती पोचवणे नव्हे. माणूस सर्वांगाने घडवणे. त्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर असावे लागतात, आणि त्यांच्यात जे नाते तयार होते ते यंत्राला निर्माण करता येत नाही. मात्र या नात्याच्या चौकटीत राहून, विचारपूर्वक वापरले, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन उपयोगी पडू शकते. जिथे साधने कमी आहेत तिथे शिक्षण पोचवता येईल, प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मदत देता येईल, चूक झाली की ताबडतोब सांगता येईल. धोकाही आहे. काही साधने विचार करायला लावतात. परंतु पुष्कळशी साधने मुलाला उत्तराकडे नेण्याऐवजी उत्तरच हातात ठेवतात. त्यामुळे स्वतः करण्याची ताकद कमी होते आणि पडद्यावरचे अवलंबन वाढते. शिवाय यंत्र कधीकधी बनावट माहितीही खऱ्याच्या थाटात देते. म्हणून चिकित्सक विचार वाढवणे हे या क्षेत्रातल्या शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट असले पाहिजे.

टिपणाचा पाया अर्थातच धार्मिक आहे. माणसाची बुद्धी ही ईश्वरदत्त आहे, या श्रद्धेतून ते निघते. ती श्रद्धा ज्याची नाही त्याने टिपण मिटून ठेवण्याचे मात्र कारण नाही. शिक्षक समोर असावा, हा निष्कर्ष दुसऱ्या वाटेनेही निघतो. मूल मान हलवते तेव्हा त्याला समजले आहे की ते घाबरून हो म्हणते आहे, हे अनुभवी शिक्षकाला चेहऱ्यावरून कळते. वहीतल्या चुकीवरून ती घाईची चूक आहे की मुळात कल्पनाच उलटी बसली आहे, हे तो ओळखतो. निरीक्षण करणे, त्यावरून अंदाज बांधणे, पुढचा प्रश्न विचारून तो अंदाज तपासणे ही वैज्ञानिकाचीच रीत आहे. ती वर्गात दररोज चालते.

पुरावा काय सांगतो?

उत्तर हातात ठेवणारे साधन घातक, असे टिपण म्हणते. पण त्यासाठी मोजमाप देत नाही. धर्मपीठाच्या टिपणाकडून प्रयोगाच्या आकड्यांची अपेक्षा करू नये हे खरे. तरी शिक्षकाला ते आकडे माहीत असावेत, कारण ते टिपणाच्या बाजूचे आहेत.

तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय गणिताचा, वर्ग नववी ते अकरावी. एका गटाला सरावाच्या वेळी संवाद करणारे यंत्र जसेच्या तसे दिले. दुसऱ्या गटाला तेच यंत्र दिले, पण उत्तर न सांगता फक्त पुढची पायरी सुचवण्याची शिस्त त्याला लावली होती. तिसऱ्या गटाजवळ नेहमीची वह्यापुस्तकेच होती. सरावात पहिल्या गटाचे गुण तिसऱ्यापेक्षा ४८ टक्क्यांनी आणि दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी जास्त आले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिल्या गटाचे गुण, ज्यांनी यंत्र पाहिलेही नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी निघाले. दुसऱ्या गटाचे नुकसान बहुतांशी टळले, परंतु सरावात दिसलेला तो मोठा फायदाही परीक्षेत उरला नाही. विशेष म्हणजे, आपण कमी शिकलो आहोत हे पहिल्या गटातल्या मुलांच्या लक्षात आले नव्हते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतर चालणाऱ्या केंद्रांत संगणकावरचा एक कार्यक्रम वापरला गेला. मुलाची इयत्ता कोणती हे न पाहता त्याला प्रत्यक्षात काय येते ते तो तपासत असे आणि तिथून पुढे नेत असे. भाषा हिंदी; जोडीला माणूस शिक्षकही होता. साडेचार महिन्यांत गणितात प्रमाण विचलनाच्या ०.३७ पट आणि हिंदीत ०.२३ पट प्रगती मोजली गेली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सहावीतले सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होते, हेही त्यातून दिसले. अशा मुलापुढे सहावीचा धडा कितीही चकचकीत पडद्यावर दाखवला तरी त्याच्या पदरात काय पडणार? यंत्राचा फायदा झाला तो चकाकीमुळे झाला नाही. मूल जिथे उभे होते तिथून, त्याला कळणाऱ्या भाषेत, कार्यक्रमाने सुरुवात केली म्हणून झाला.

या ‘कळणाऱ्या भाषेत’ दोन शब्दांपाशी टिपणातली पहिली उणीव आहे.

राहून गेलेली भाषा

शिक्षणावरच्या परिच्छेदांत यंत्र मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, या प्रश्नावर टिपण थांबत नाही. याचे आश्चर्य वाटते, कारण कॅथलिक शाळांच्या इतिहासात या प्रश्नाचा सर्वांत बोलका धडा आपल्याच शेजारी, गोव्यात घडलेला आहे.

६ सप्टेंबर १५५६ रोजी जेझुइटांचा छापखाना गोव्यात उतरला. भारतातला हा पहिला छापखाना. तो गोव्यासाठी पाठवलेलाच नव्हता. निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. पुढे जाणे जमले नाही म्हणून तो सेंट पॉल महाविद्यालयात ठेवला गेला. त्याच वर्षी त्यावर पहिले छापले गेले ते विद्यार्थ्यांनी वादसभेत मांडायची सूत्रे. शिक्षणासाठी आलेले हे त्या काळातले सर्वांत नवे तंत्रज्ञान होते; पण त्याला इथल्या मुलांची भाषा येत नव्हती.

ती शिकली ती यंत्राने नव्हे, माणसाने. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने कोकणी आणि मराठी आत्मसात केली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, अक्षरे मात्र रोमन. कारण तांत्रिक होते. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रात स्टीफन्सने आपली अडचण रोमला कळवली होती: इथल्या लिपीत पुस्तके छापावीत अशी त्याची फार वर्षांची इच्छा, पण युरोपात चोवीस अक्षरांवर भागते तिथे इथे सहाशे साचे लागतील, आणि ते पाडणे अशक्य दिसते. म्हणजे यंत्राला जी अक्षरे छापता येत होती, त्या अक्षरांत भाषेला बसावे लागले.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातली छपाई थांबली. १६८४ साली व्हाइसरॉयने, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. छापखाना गोव्यात पुन्हा आला तो १८२१ साली. यंत्र आणणे सोपे असते. ते मुलांच्या भाषेत चालवणारा माणूस आणि ती भाषा मानणारी सत्ता, या दोन्ही गोष्टी टिकल्या नाहीत तर यंत्राचा उपयोग तेवढ्यापुरताच राहतो, हे या तीनशे वर्षांनी दाखवले.

आता पोहरादेवीच्या परिसराकडे पाहा. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते. ही भाषा मराठी नव्हे आणि हिंदीही नव्हे. तरी २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशातले सुमारे ३२ लाख ७६ हजार लोक हिंदीच्या गटात मोजले गेले. तिला स्वतःची वेगळी लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते. आजची संवाद करणारी यंत्रे लिहिलेल्या मजकुरावर शिकतात. ज्या भाषेत लिहिलेला मजकूर थोडा, तिच्यात ती अडखळतात. स्टीफन्सला सहाशे साच्यांची वाण होती. आज मजकुराची आहे. अडचणीचे स्वरूप बदलले, अडचण तीच आहे. या मुलासाठी मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्याला इंग्रजी बोलणाऱ्या पडद्यासमोर बसवणे म्हणजे त्याची अडचण एका पायरीने वाढवणे होय. आणि त्यासाठी फी भरायची ती मजुरीच्या पैशातून.

फक्त समोर असणे पुरेसे नाही

दुसरी उणीव शिक्षकाच्या बाबतीत आहे. शिक्षकाची प्रत्यक्ष उपस्थिती, हे टिपणाचे बलस्थान. पण उपस्थित शिक्षक काय करतो, हे त्यात पुरेसे उलगडत नाही. उत्तर आयते हातात ठेवण्याची पद्धत यंत्राने शोधलेली नाही. बाजारातली गाईडे, फळ्यावरून उतरवून घेतलेली टिपणे आणि ‘परीक्षेला हेच येते’ हा सल्ला आपल्याकडे फार जुना आहे. जिथे शिक्षक उत्तरे लिहून देतो, तिथे यंत्र ते काम अधिक वेगाने करील, एवढाच फरक. यंत्र शाळेला नवी सवय सहसा लावत नाही. शाळेची असलेली सवय ते वाढवते.

याउलट वापर कसा असतो, याचेही उदाहरण कॅथलिक संस्थेतच सापडते, आणि टिपणात ते यायला हवे होते. युजीन लाफाँ हे बेल्जियन जेझुइट १८६५ साली कलकत्त्याला आले. सेंट झेविअर्स महाविद्यालयात त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि भौतिकशास्त्र उपकरणे दाखवून शिकवायला सुरुवात केली. १८६७ साली आपल्या लहानशा वेधशाळेतल्या वायुभारमापकाच्या नोंदींवरून त्यांनी येऊ घातलेल्या चक्रीवादळाची सूचना दिली. नवी उपकरणे ते मागवत आणि जाहीर व्याख्यानांत लोकांना चालवून दाखवत. जगदीशचंद्र बोस हे त्यांचे विद्यार्थी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापली, त्यातही लाफाँ यांचा मोठा वाटा होता. पुढे १९०७ पासून चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी याच संस्थेत संशोधन केले.

लाफाँ यांच्या पद्धतीलाही मर्यादा होती. दाखवणारा एक, पाहणारे शंभर. उपकरण मुलांच्या हाती क्वचितच जाई. पण पाहणाऱ्याच्या मनात ‘हे असे का होते?’ हा प्रश्न उठत असे. बोसांनी तो पुढे स्वतःच्या हाताने उपकरणे बनवून सोडवला. यंत्र बोलते झाले तेव्हा मूल गप्प झाले की बोलू लागले, हीच चांगल्या आणि वाईट वापरातली खूण आहे.

नगारा आणि मोबाइल

हे सर्व आपल्या वर्गात कसे आणता येईल? पोहरादेवीच्याच एका वस्तूवरून पाहू.

नगारा ही बंजारा समाजाची ओळख. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला उद्घाटन झालेल्या बंजारा विरासत संग्रहालयाची इमारतही नगाऱ्याच्या आकाराची आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने नगारा म्हणजे भांड्याच्या तोंडावर ताणलेले गोल कातडे. ताणलेली तार छेडली तर तिच्या कंपनांच्या वारंवारता १ : २ : ३ अशा पूर्ण पटीत असतात, म्हणून तिचा सूर स्वच्छ लागतो. गोल पडद्याचे तसे नसते. आदर्श पडद्याच्या वारंवारता १ : १.५९ : २.१४ : २.३० : २.६५ अशा वेड्यावाकड्या येतात. मग काही चर्मवाद्ये सुरात कशी लागतात? रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मृदंग आणि तबल्याविषयी हाच प्रश्न मांडला आणि त्यांची अधिकची कंपने पूर्ण पटीत येतात हे दाखवले. हे काम त्यांनी केले ते लाफाँ यांचा हात लागलेल्या त्याच संस्थेत.

जर्मनीतल्या आखेन येथील तंत्रविद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१६ साली ‘फायफॉक्स’ हे मोबाइलसाठीचे साधन विनामूल्य उपलब्ध केले. एकदा मोबाइलवर घेतले की त्याला इंटरनेट लागत नाही. त्यातला ध्वनीच्या वर्णपटाचा प्रयोग उघडला की आवाजातल्या वारंवारतांची शिखरे पडद्यावर दिसतात. संपूर्ण वर्गाला एक मोबाइल पुरतो.

प्रयोग असा करावा. प्रथम मुलांना विचारावे: नगारा मधोमध वाजवला आणि कडेपासून थोडा आत वाजवला, तर आवाज सारखाच येईल का? प्रत्येकाने अंदाज वहीत लिहावा. नंतर दोन्ही ठिकाणी सारख्या जोराने टिपरू मारून शिखरे नोंदवावीत. पडद्याच्या काही कंपनांत एखादा व्यास स्थिर राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने वर-खाली होतात. असे सर्व व्यास मध्यातून जातात. म्हणून मधोमध मारले असता ही कंपने जवळजवळ उठत नाहीत, आणि १.५९ व २.१४ च्या जागची शिखरे दबतात. काठाकडे मारले की ती वर येतात. नंतर शिखरांच्या वारंवारतांना सर्वांत लहान वारंवारतेने भागून गुणोत्तरे काढावीत.

ती पुस्तकातल्या आकड्यांशी तंतोतंत जुळण्याची शक्यता कमी आहे, आणि खरा अभ्यास इथूनच सुरू होतो. कातडे हलताना आपल्याबरोबर हवाही हलवते. खाली भांड्यात हवा कोंडलेली असते. त्यामुळे वारंवारता सरकतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदातला टिंपनी हा नगाऱ्याच्याच जातीचा. त्यात हवेच्या या भारामुळे व्यास स्थिर असलेली मुख्य कंपने २ : ३ : ४ च्या जवळ येतात, आणि म्हणून त्याला सूर सापडतो. आपल्या नगाऱ्यात काय होते? कातडे शेकून ताणल्यावर शिखरे कुठे सरकतात? तबल्यावर शाई असते. नगाऱ्याला आतून काही लेप दिला आहे का? शेवटचे दोन प्रश्न मुलांनी नगारा वाजवणाऱ्यालाच विचारावेत, आणि गोरबोलीत विचारावेत. नगाऱ्याच्या भागांना आणि बोलांना तांड्यावर जे शब्द आहेत ते मुलांनी देवनागरीत लिहून काढावेत.

हे झाल्यावर, आणि झाल्यावरच, हवे तर संवाद करणाऱ्या यंत्राला तोच प्रश्न घालावा. ते बहुधा आदर्श पडद्याचे आकडे सांगेल. मुलांच्या वहीत प्रत्यक्ष मोजलेले आकडे असतील. दोहोंत फरक का पडला, हे सांगण्याची जबाबदारी मग मुलांची. ज्याच्या हातात स्वतःचे मोजमाप आहे, तो यंत्राच्या उत्तराने दबत नाही. टिपणात ज्या चिकित्सक विचाराची अपेक्षा केली आहे तो असा शिकवता येतो. ‘यंत्रावर विश्वास ठेवू नका’ एवढे सांगून येत नाही.

निष्कर्ष

‘आंतिक्वा एत नोवा’ची शिक्षणविषयक भूमिका एकंदरीत समतोल आहे. ते यंत्राला देव्हाऱ्यात बसवत नाही आणि त्याला घराबाहेरही काढत नाही. उत्तर देणारे साधन आणि विचार करायला लावणारे साधन यांतला भेद ते नेमका करते, आणि तुर्कस्तानातल्या प्रयोगाने त्याला दुजोरा दिला आहे. परंतु मुलाच्या भाषेचा प्रश्न आणि हाताने करून पाहण्याची परंपरा, या दोन गोष्टी त्यात दुबळ्या राहिल्या आहेत. आणि या दोन्ही गोष्टी कॅथलिक शिक्षणाच्या स्वतःच्याच इतिहासात, राचोलला आणि कलकत्त्याला, ठळकपणे आढळतात.

आपल्या शिक्षकांनी यातून काय घ्यावे? शाळेत नवे यंत्र येणार असेल, तेव्हा किमतीच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. ते माझ्या वर्गातल्या मुलाला कळणाऱ्या भाषेत चालेल का? ते चालू असताना डोके कोणाचे चालेल, त्याचे की मुलाचे? आणि ते बंद केल्यावर मुलाला स्वतःला काय येईल? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर यंत्र अवश्य घ्यावे. नसतील तर तेवढ्या पैशात काही भिंगे, चुंबके, तारा, तापमापक आणि एक मोबाइल येतो. त्यासाठी शाळेच्या नावात कॉन्व्हेंट असण्याची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या दोन खोल्यांच्या शाळेतही ते जमण्यासारखे आहे.